'ओर्बिस' म्हणजे नुसते वर्तुळ नव्हे

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. युरोपच्या इतिहासावरील एका पुस्तकाचा मराठी अनुवाद करताना 'ओर्बिस' हा लॅटिन शब्द तीन ठिकाणी आडवा आला. पोपच्या 'उर्बी एत ओर्बी' या आशीर्वादात त्याचा अर्थ 'जग' असा दिसतो. कोपर्निकसच्या १५४३ साली छापलेल्या ग्रंथाच्या नावात तो 'ओर्बिउम' या रूपात येतो आणि तेथे कोणी 'ग्रह' म्हणतात, तर कोणी 'कक्षा'. सीझरच्या गॉलमधील (आजच्या फ्रान्सच्या परिसरातील) युद्धाच्या वृत्तान्तात 'ओर्बे फाक्तो' असे दोनच शब्द आहेत. त्यांचे 'वर्तुळ करून' असे शब्दशः भाषांतर होते, पण वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काही उभे राहत नाही. कोशात पहिला अर्थ 'वर्तुळ' असा दिलेला असताना तिन्ही ठिकाणी चालेल असा एकच मराठी शब्द कोणता, असे अनुवादकाला जाणून घ्यायचे आहे.

गेली बरीच वर्षे मी लॅटिन शिकवतो आणि लॅटिनवरून मराठीत आलेला मजकूर तपासून देतो. त्या अनुभवावरून आधी उत्तर सांगतो आणि मग त्याची कारणे देतो. तिन्ही ठिकाणी चालेल असा एक शब्द नाही. एखादा शब्द मुख्य म्हणून धरायचाच असेल, तर तो 'वर्तुळ' नसून 'मंडल' किंवा 'मंडळ' हा आहे.

'वर्तुळ' हा मराठीत मुख्यतः भूमितीचा शब्द आहे. कंपासची टोकदार बाजू कागदावर रोवून पेन्सिल फिरवली की जी रेषा उमटते, ती आपल्याला त्या शब्दाबरोबर दिसते. 'ओर्बिस' या शब्दाबरोबर रोमन माणसाला प्रथम रेषा दिसत नसे, वस्तू दिसत असे. रोमन लेखक कातोने इ. स. पू. दुसऱ्या शतकात शेतीवर जो ग्रंथ लिहिला, त्यात ऑलिव्ह भरडण्याच्या यंत्राचे वर्णन आहे. दगडाची मोठी उखळी, तिच्या मधोमध उभा दगडी खुंट आणि त्या खुंटाभोवती फिरणारे दोन जड दगड, अशी त्या यंत्राची रचना होती. या दोन दगडांना कातो 'ओर्बेस' ('ओर्बिस'चे अनेकवचन) म्हणतो. ते एका बाजूने सपाट आणि दुसऱ्या बाजूने फुगीर असत आणि उखळीच्या तळापासून थोडे अंतर राखून बसवलेले असत, कारण ऑलिव्हचा गर चिरडला जावा पण आतली बी फुटू नये, असा त्यांचा बेत असे. या दगडांना मराठीत 'वर्तुळे' म्हणून पाहावे. वाक्य लगेच हास्यास्पद होते. तेथे 'पाळू' किंवा 'घाण्याचे दगड' असेच म्हणावे लागते.

श्रीमंत रोमन घरांतील जेवणाच्या मेजांचेही तसेच आहे. उत्तर आफ्रिकेतून येणाऱ्या एका सुगंधी लाकडाच्या बुंध्याचा आडवा काप घेऊन ही मेजे बनवत. एकसंध गोल फळी जितकी रुंद, तितकी तिची किंमत अधिक. रोमन वक्ता आणि लेखक सिसेरोने अशा एका मेजासाठी पाच लाख सेस्टर्स (रोमन नाणी) मोजले आणि ते मेज आपल्या काळीही शाबूत आहे, असे पहिल्या शतकातला रोमन लेखक थोरला प्लिनी लिहून ठेवतो. पिढीजात संपत्ती एकाच मेजावर बसून खाऊन टाकणाऱ्यांना उपहासकवी युवेनालिसने झोडपले आहे, तेव्हा 'रुंद आणि सुंदर ओर्बेस' हे शब्द त्याने या गोल फळ्यांसाठीच वापरले आहेत. ढालीला, आरशाला, तराजूच्या पारड्याला, रथाच्या चाकाला, सूर्याच्या बिंबाला आणि डोळ्याच्या बुबुळाला हा शब्द लावलेला आढळतो. व्हर्जिलच्या महाकाव्यात दुसऱ्या सर्गात समुद्रावरून दोन अजस्र सर्प ट्रॉयच्या किनाऱ्याकडे येतात, ते 'इम्मेन्सिस ओर्बिबुस' येतात. हेच दोन शब्द एका विद्यार्थ्याने 'प्रचंड वर्तुळांसह' असे उतरवले होते. मी फक्त 'वेटोळी' एवढे समासात लिहिले आणि त्याचे त्यालाच हसू आले.

मग भूमितीच्या वर्तुळाला रोमन लोक काय म्हणत? त्यासाठी 'किर्कुलुस' हा शब्द होता. तो 'किर्कुस' या शब्दाचे लघुत्वदर्शक रूप असून 'किर्कुस' हा ग्रीकमधून आलेला आहे. आपल्याकडे इंग्रजीतून आलेले 'सर्कल' आणि 'सर्कस' हे दोन्ही शब्द त्याच घरातले आहेत. येथे थोडे विषयांतर करतो, कारण या दोन शब्दांची चाल पाहण्यासारखी आहे. रोममधील किर्कुस माक्सिमुस हे रथशर्यतींचे मैदान गोल नव्हतेच. पालाटिन आणि अव्हेन्टिन या दोन टेकड्यांच्या मधल्या खोलगट पट्ट्यात ते सुमारे ६०० मीटर लांब पसरलेले होते. गोल होती ती रथांची फेरी. मधल्या दुभाजकाला सात फेऱ्या घातल्या की शर्यत संपे. पुढे १७६८ साली लंडनमध्ये फिलिप ॲस्टलीने घोड्यांच्या कसरतींसाठी खरोखरचे गोल रिंगण आखले आणि त्या खेळाला काही वर्षांनी 'सर्कस' हे रोमन नाव मिळाले. विष्णुपंत छत्रे यांनी १८८० साली आपली सर्कस उभी केली, तेव्हापासून मराठी माणसाच्या कानाला तो शब्द घरचा झाला. 'किर्कुलुस'चा आणखी एक अर्थ गप्पा मारायला जमलेली मंडळी असा आहे आणि सिसेरोने तो वापरलेला आहे. आपण 'मित्रमंडळ' म्हणतो तेव्हा हेच घडते. गोल करून बसण्याच्या आकाराचे नाव बसणाऱ्यांना मिळते. आणि आपल्या महसूल खात्यात पूर्वी ज्याला सर्रास 'सर्कल' म्हणत, त्या अधिकाऱ्याचे कागदोपत्री नाव आता 'मंडळ अधिकारी' आहे, म्हणजे लॅटिनचा नातू गेला आणि संस्कृतचा आला, पण आकार तोच राहिला. तलाठ्याकडे फेरफाराला खेटे घालणाऱ्याला मात्र त्या आकाराचा निराळाच अनुभव येतो.

'ओर्बिस' आणि 'किर्कुस' या दोन शब्दांतला भेद स्वतः सिसेरोच्या एका उताऱ्यात लख्ख दिसतो, म्हणून तो उतारा मी दरवर्षी वर्गात घेतो. 'राज्य' या त्याच्या ग्रंथाच्या सहाव्या भागात रोमन सेनापती स्किपिओला पडलेल्या स्वप्नाचे वर्णन आहे. स्वप्नात त्याला आकाशगंगा दिसते. ताऱ्यांच्या ज्वाळांमध्ये शुभ्र तेजाने झळकणारा एक 'किर्कुस' होता आणि त्याला तुम्ही ग्रीकांकडून घेतलेल्या नावाने 'ओर्बेम लाक्तेउम' (दुधाचे मंडल) म्हणता, असे ते वाक्य आहे. डोळ्यांना जो पट्टा दिसतो तो 'किर्कुस' आणि त्याला दिलेले नाव 'ओर्बिस'. थोड्याच ओळींनी पुढे सिसेरो विश्वाची रचना सांगू लागतो आणि म्हणतो की सर्व काही नऊ 'ओर्बिबुस' यांनी जोडलेले आहे, आणि लगेच स्वतःला सावरतो: 'व्हेल पोतिउस ग्लोबिस', म्हणजे 'किंवा खरे तर गोलांनी'. लॅटिन ज्याची मातृभाषा, आणि ती ज्याने घडवली, त्या माणसालासुद्धा 'ओर्बिस' हा शब्द लिहिल्यावर वाचकाने सपाट चकती समजू नये म्हणून थांबावे लागले. सपाट कडे, भरीव चकती आणि पोकळ गोल ही तिन्ही एकाच शब्दात मावतात, हे त्या दुरुस्तीतून कळते. आपल्या 'मंडल' शब्दाची क्षमताही अशीच आहे. चंद्रमंडल ही चकती, खडूने आखलेले मंडल हे कडे, आणि भूमंडल म्हणताना आपण आकाराचा विचारही करत नाही.

आता सीझरचे दोन शब्द. इ. स. पू. ५५ मध्ये ब्रिटनहून परतताना दोन जहाजे ठरलेल्या बंदरांना न लागता किनाऱ्याने थोडी खाली वाहत गेली. त्यांतून उतरलेले सुमारे ३०० सैनिक छावणीकडे चालत निघाले असता मोरिनी टोळीच्या लोकांनी लुटीच्या आशेने त्यांना गाठले आणि जीव वाचवायचा असेल तर शस्त्रे खाली ठेवा असे बजावले. सैनिकांनी 'ओर्बे फाक्तो' प्रतिकार सुरू केला. आरडाओरडा ऐकून बघता बघता सुमारे ६,००० लोक जमा झाले, आणि सीझरचे घोडदळ येऊन पोचेपर्यंत हे ३०० जण चार तासांहून अधिक काळ टिकून राहिले. येथे 'ओर्बिस' ही युद्धातील रचना आहे. पाठ आत, तोंड बाहेर, चहूबाजूंनी ढाली आणि मध्ये जखमी व सामान. म्हणून 'वर्तुळ करून' हे भाषांतर चुकीचे नसले तरी निर्जीव आहे; 'चौफेर कडे करून' असे म्हटले की रचना दिसू लागते. कौटिल्याने व्यूहांचे दंड, भोग, मंडल आणि असंहत असे जे प्रकार सांगितले आहेत, त्यांतील 'मंडल' याच्या अगदी जवळचा आहे, त्यामुळे 'मंडलव्यूह रचून' असेही म्हणता येईल. मात्र त्याने एक भारदस्तपणा येतो, जो सीझरच्या कोरड्या शैलीला मानवत नाही. 'चक्रव्यूह' कटाक्षाने टाळावा. मराठी वाचकाला त्या शब्दाबरोबर अभिमन्यू आठवतो, आणि चक्रव्यूह हा दुसऱ्याला आत अडकवण्यासाठी असतो, तर हे कडे स्वतःला वाचवण्यासाठी आहे.

या रचनेला आणखी एक अर्थच्छटा आहे, ती अनुवादकाने ध्यानात ठेवावी. रोमन सैन्य कडे करते तेव्हा ते अडचणीत आहे, हे वाचणाऱ्या रोमन माणसाला आपोआप कळे. पुढच्याच वर्षी, इ. स. पू. ५४ मध्ये, सीझरचे सेनाधिकारी साबिनुस आणि कोत्ता यांचे सैन्य एबुरोनेस टोळीच्या सापळ्यात सापडले, तेव्हा सामान टाकून 'इन ओर्बेम', म्हणजे कडे करून, उभे राहण्याचा हुकूम सुटला. अशा वेळी हा निर्णय दोष देण्याजोगा नाही, पण त्याचा परिणाम वाईट झाला, असे सीझर लिहितो. आपल्या लोकांची उमेद खचली आणि शत्रूला चेव आला, कारण पराकोटीची भीती असल्याशिवाय असे कोणी करत नाही असे दोघांनाही वाटले.

'इन ओर्बेम' हेच शब्द रोमन इतिहासकार लिव्हीकडे निराळ्याच कामाला लागलेले आहेत. रोमचा पहिला राजा रोम्युलस याच्या मृत्यूनंतर नवा राजा निवडला जाईपर्यंत सत्ता कोणाकडे असावी हे ठरेना, म्हणून सिनेटरांनी पाच-पाच दिवसांच्या मुदतीने ती वाटून घेतली आणि सत्ता सर्वांमधून 'इन ओर्बेम' जाऊ लागली, असे तो सांगतो. येथे मंडलही नको आणि कडेही नको. 'आळीपाळीने' हा एकच शब्द योग्य आहे. तसेच महिने पुरे होऊन वर्षाचा 'ओर्बिस' भरतो असे व्हर्जिल म्हणतो, तेथे आपल्याकडे 'वर्षाचे चक्र' तयारच आहे. फिरून पुन्हा त्याच जागी येणे ही कल्पना आली की मराठी 'चक्र', 'फेरा' किंवा 'पाळी' यांच्याकडे वळते; 'मंडल' मागे पडते.

जगाच्या अर्थाकडे येऊ. 'ओर्बिस तेर्रारुम' याचा शब्दशः अर्थ 'भूमींचे मंडल' असा होतो. पुढे नुसते 'ओर्बिस' म्हटले तरी जग समजले जाऊ लागले. सातव्या शतकाच्या आरंभी सेव्हिलचा बिशप इसिदोर याने आपल्या कोशात याची फोड दिली आहे: वर्तुळाच्या गोलाईवरून 'ओर्बिस' हे नाव पडले, कारण ते चाकासारखे आहे, आणि म्हणूनच लहान चाकाला 'ओर्बिकुलुस' म्हणतात. त्याच्या या मजकुराबरोबर जो नकाशा फिरला, तो सोपा आहे. एक गोल काढायचा, त्याच्या वरच्या अर्ध्यात आशिया, खालच्या अर्ध्याचे दोन तुकडे करून डावीकडे युरोप आणि उजवीकडे आफ्रिका, मध्ये पाण्याच्या आडव्या-उभ्या दोन पट्ट्या आणि भोवती महासागराचे कडे. १४७२ साली आउग्सबुर्ग येथे हा ग्रंथ छापला गेला, तेव्हा हा नकाशाही छापला गेला, आणि युरोपात छापलेल्या आरंभीच्या नकाशांत त्याची गणना होते. अशा मजकुरात 'ओर्बिस'चे 'भूगोल' असे भाषांतर करू नये, कारण 'गोल' म्हटले की चेंडूसारखी पृथ्वी गृहीत धरली जाते आणि इसिदोरच्या चाकाच्या उपमेत ती दिसत नाही. 'भूमंडळ' हा शब्द चकतीलाही चालतो आणि चेंडूलाही, म्हणून तो सुरक्षित आहे.

या शब्दाचे आणि 'उर्ब्स' म्हणजे नगर या शब्दाचे यमक रोमन लोकांच्या फार लवकर ध्यानात आले होते. सम्राट ऑगस्टसचा सेनापती आग्रिप्पा याने जगाचा नकाशा रोममध्ये एका देवडीत मांडायचे योजले, तेव्हा त्याला नगराला जग पाहायला द्यायचे होते, अशी कोटी प्लिनी करतो. ओव्हिदने तर तिचे सूत्रच केले: इतर लोकांना ठरलेल्या सीमेतली भूमी मिळाली आहे, रोमन नगराचा विस्तार आणि जगाचा विस्तार मात्र एकच आहे. हे लिहिणाऱ्या कवीला इ. स. ८ मध्ये सम्राटाने काळ्या समुद्राच्या काठी तोमिस येथे हद्दपार केले, आणि तेथून पाठवलेल्या कवितांत तो आपण 'ओर्बिस'च्या शेवटच्या टोकाला पडलो आहोत म्हणून विलाप करत राहिला. नगर आणि जग एकच असेल, तर नगराबाहेर काढलेला माणूस कोठे जातो, हे त्याला उशिरा कळले.

पोपचा आशीर्वाद याच यमकावर उभा आहे. 'उर्बी' आणि 'ओर्बी' ही दोन्ही चतुर्थी विभक्तीची रूपे आहेत, म्हणून अर्थ 'नगराला आणि जगाला' असा होतो. नाताळ, ईस्टर आणि नव्या पोपची निवड या प्रसंगी तो दिला जातो. रोममधील लातेरान महामंदिराच्या दर्शनी भागावर 'नगरातील आणि जगातील सर्व चर्चची माता आणि मस्तक' असा जो लेख आहे, त्यातही हीच जोडी षष्ठीत येते. मराठी बातम्यांत 'शहर आणि विश्वासाठी' असे वाचायला मिळते. 'विश्व' तेथे नको, कारण या आशीर्वादात आकाश अभिप्रेत नाही, माणसे अभिप्रेत आहेत. यमक राखण्याचा मोह होतो, मलाही झाला होता, पण 'नगराला नि जगाला' यापलीकडे काही साधले नाही, आणि तेवढ्याने भागते.

पंधराव्या शतकाच्या अखेरीस या शब्दापुढे एक गंमतशीर पेच उभा राहिला. 'ओर्बिस' म्हणजे सगळे जग. मग समुद्रापलीकडे आणखी जमीन निघाली, तिला काय म्हणावे? 'नोव्हुस ओर्बिस', नवे जग, हा शब्दप्रयोग रूढ झाला, म्हणजे जे सर्वसमावेशक होते त्याचे अनेकवचन करावे लागले. दुसऱ्या बाजूने १५०७ साली नकाशाकार वाल्डझेम्युलर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी नव्या भूमीला 'ओर्बिस'चा चौथा भाग ठरवून अमेरिका हे नाव दिले. त्यांनी मंडल एकच ठेवले, तुकडे वाढवले. १५७० साली ॲन्टवर्पमध्ये ऑर्तेलियसने नकाशांचा जो संग्रह छापला, त्याच्या नावात पुन्हा 'ओर्बिस तेर्रारुम' आहे, आणि १६५८ साली कोमेनियसने मुलांसाठी जे सचित्र पाठ्यपुस्तक काढले, त्यात 'ओर्बिस' म्हणजे डोळ्यांना दिसणारे, हाताला लागणारे सगळे काही.

स्पेनचा राजा दुसरा फिलिप याच्या एका पदकावर 'नोन सुफ्फिकित ओर्बिस' अशी अक्षरे आहेत. हे शब्द मुळात युवेनालिसचे असून ते सिकंदराची थट्टा करतात: त्या तरुणाला एक जग पुरत नाही, पण शेवटी एका शवपेटीत भागते. फिलिपच्या पदरी असलेल्यांनी थट्टेतली पहिली ओळ उचलली आणि शवपेटीची ओळ सोडून दिली. १५८० मध्ये पोर्तुगालचे राज्यही याच फिलिपकडे आल्यामुळे गोवा त्याच्या अमलाखाली गेला आणि १६४० पर्यंत तो स्पेनच्या राजांकडे राहिला. न पुरणाऱ्या त्या जगात मांडवीचा काठही आला होता. याचे भाषांतर 'जग अपुरे आहे' असे करतात. माझ्या मते 'पृथ्वी पुरत नाही' हे अधिक ठसठशीत आहे, कारण मराठीत हाव सांगताना 'पुरणे' हेच क्रियापद येते.

आता कोपर्निकस, आणि येथे माझी स्वतःची चूक सांगितली पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका प्रकाशनासाठी मी त्या ग्रंथाचे नाव 'ग्रहगोलांच्या परिभ्रमणांविषयी' असे दिले. छापूनही आले. नंतर मूळ ग्रंथ वाचताना ध्यानात आले की 'ओर्बेस कोएलेस्तेस' म्हणजे ग्रह नव्हेत. प्राचीन आणि मध्ययुगीन कल्पनेनुसार ग्रह स्वतः आकाशातून चालत नाही. तो ज्या पारदर्शक गोलात जडवलेला आहे, तो गोल फिरतो आणि ग्रहाला बरोबर नेतो. अंगठीतला खडा फिरत नाही, अंगठी फिरते, तसे. कोपर्निकसने सूर्य मध्यभागी ठेवला, पण हे गोल त्याने मोडले नाहीत. त्याच्या ग्रंथाच्या नावात जे फिरतात ते हे गोल आहेत. म्हणून 'ग्रहांच्या' हे चूक आणि 'कक्षांच्या' हे त्याहून चूक, कारण कक्षा फिरत नाही. आज मला विचारल्यास मी 'आकाशस्थ गोलांच्या परिभ्रमणांविषयी' असे देईन. 'खगोल' या शब्दाचा मूळ अर्थ आकाशाचा गोल असाच आहे, आणि 'खगोलांच्या परिभ्रमणांविषयी' हे खरे तर सर्वांत नेमके ठरले असते. पण आजच्या मराठीत 'खगोल' म्हटले की शास्त्राचे नाव आठवते, गोल आठवत नाही.

हे गोल मोडले ते पुढच्या दोन पिढ्यांत. १५७७ चा धूमकेतू चंद्राच्या बराच पलीकडे आहे असे खगोलनिरीक्षक तिको ब्राहेच्या मोजमापांतून निघाले, आणि मग जेथे घट्ट गोल असायला हवेत तेथून धूमकेतू आरपार कसा जातो, हा प्रश्न उभा राहिला. गोल नसतील, तर ग्रह ज्या वाटेने जातो त्या वाटेला नाव हवे. १६०९ साली मंगळावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध करताना केप्लरने 'ओर्बिता' हा शब्द त्या कामी योजला. हा शब्द 'ओर्बिस'वरूनच झालेला आहे, पण अभिजात लॅटिनमध्ये त्याचा मुख्य अर्थ जमिनीवरचा होता. गाडीच्या चाकाने मातीत उमटवलेली खोल रेघ म्हणजे 'ओर्बिता'. मराठीत तिला चाकोरी म्हणतात. पावसाळ्यानंतर सुकलेल्या गाडीरस्त्यावर बैलगाडीचे चाक एकदा तीत उतरले की बाहेर काढता काढता दमछाक होते. ज्याने ते पाहिले आहे, त्याला हा शब्द ग्रहाच्या वाटेला का सुचला असेल हे सांगावे लागत नाही. आश्चर्य असे की लाक्षणिक अर्थही दोन्हीकडे एकच निघाला. युवेनालिस म्हणतो की बापांच्या जुन्या पापांची 'ओर्बिता' मुलांना ओढून नेते. आपण 'चाकोरीतले जीवन' म्हणतो. चाकोरी सोडून जाणे या अर्थी उत्तरकालीन लॅटिनमध्ये 'एक्सोर्बितारे' असे क्रियापद झाले आणि त्यावरून इंग्रजीत अवाच्या सवा किमतीला 'एक्झॉर्बिटंट' म्हणू लागले. खगोलशास्त्रात आपण 'चाकोरी' घेतली नाही, 'कक्षा' घेतली, आणि ते योग्यच झाले, कारण तो शब्द आर्यभटाच्या काळापासून त्या शास्त्रात रुळलेला आहे. पण केप्लरविषयी लिहिताना एकदा तरी 'ग्रहाची चाकोरी' असे लिहून मग 'कक्षा'कडे यावे, म्हणजे गोलाकडून वाटेकडे झालेला बदल वाचकाला जाणवेल. शरीरशास्त्रात मात्र 'ओर्बिता' म्हणजे डोळ्याची खोबण, आपले नेत्रकोटर. तेथे चाकोरीचा संबंध नाही.

अलीकडच्या वापरांपैकी एक सांगण्याजोगा आहे. २०१५ साली सायमन लुईस आणि मार्क मॅस्लिन या शास्त्रज्ञांनी मानवयुगाचा, म्हणजे माणसाच्या कृतींचा ठसा साऱ्या पृथ्वीवर उमटलेल्या कालखंडाचा, आरंभ १६१० पासून मोजावा असे सुचवले. अंटार्क्टिकातील बर्फात अडकलेल्या हवेत त्या सुमारास कार्बन डायऑक्साइड सर्वांत कमी झालेला आढळतो. युरोपीय लोक आल्यावर अमेरिकेतील मूळ रहिवासी प्रचंड संख्येने मेले, शेते ओस पडून तेथे रान वाढले आणि त्याने हवेतला कार्बन शोषला, असे त्यांचे स्पष्टीकरण आहे. या खुणेला त्यांनी 'ओर्बिस' हे नाव दिले, कारण जगाचे दोन भाग तेव्हा एक झाले. म्हणजे 'नोव्हुस ओर्बिस' पुन्हा जुन्या 'ओर्बिस'ला येऊन मिळाले, पण कोणत्या किमतीला हे बर्फात लिहिलेले आहे.

व्याकरणाच्या दोन गोष्टी सांगतो, कारण त्यांवरून हमखास घोटाळा होतो. हा शब्द पुल्लिंगी असून प्रथमा आणि षष्ठी या दोन्हींचे एकवचन 'ओर्बिस' असेच होते, म्हणून 'उर्बिस एत ओर्बिस' असे दिसले तर ती षष्ठी आहे हे शेजारच्या शब्दावरून ओळखावे. दुसरी गोष्ट म्हणजे 'ओर्बुस' हा शब्द. दिसायला सख्खा भाऊ, पण नाते अजिबात नाही. त्याचा अर्थ आईबाप किंवा मुले गमावलेला, पोरका, असा आहे. त्याचे रूप 'ओर्बी' होते तेव्हा ते थेट आशीर्वादातल्या 'ओर्बी'सारखे दिसते, आणि 'पोरक्याला' असे भाषांतर केलेले मी एका हस्तलिखितात पाहिले आहे. वाक्यही वाचायला बरे वाटत होते, हीच अडचण होती. या 'ओर्बुस'चे नातलग आपल्याकडे आहेत: संस्कृत 'अर्भ', आणि त्यावरून मराठीतले 'अर्भक'.

तेव्हा हातातल्या पुस्तकात पोपच्या ठिकाणी 'जग', कोपर्निकसच्या ठिकाणी 'आकाशस्थ गोल' आणि सीझरच्या ठिकाणी 'चौफेर कडे' असे तीन शब्द घ्यावेत. तिन्ही ठिकाणी लॅटिन शब्द एकच आहे हे वाचकाला कळावे असे वाटत असेल, तर पहिल्या वेळी एक तळटीप द्यावी आणि तिच्यात 'मंडल' हा शब्द वापरावा.